कलवरी वर्ग : १९७१ च्या युद्धातील चार पाणबुड्या

कलवरी, खांदेरी, करंज आणि कुर्सुरा या भारतीय नौदलाच्या पहिल्या चार पाणबुड्या. सोव्हिएत संघाकडून घेतलेल्या या पाणबुड्या डिझेल-विद्युत जातीच्या होत्या. डिसेंबर १९६७ ते डिसेंबर १९६९ या दोन वर्षांत, बाल्टिक समुद्रावरच्या रिगा बंदरात, त्या एकेक करून नौदलात दाखल झाल्या. पहिलीच्या नावावरून हा कलवरी वर्ग ओळखला जातो. वर्ग लहान, अवघा चौघींचा. पण १९७१ च्या भारत-पाकिस्तान युद्धाला सामोऱ्या गेलेल्या भारतीय पाणबुड्या याच वर्गातल्या, आणि देशाच्या पाणबुडी दलाची पहिली पिढी घडली तीही यांच्यावरच.

चारपैकी दोन नावांचे मूळ मुंबईजवळच्या किनाऱ्यावर आहे. करंज हे नाव उरणजवळच्या करंजा बेटावरून आले. खांदेरी हा अलिबागजवळ थळच्या समोर समुद्रात असलेला जलदुर्ग. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये या बेटावर तटबंदी सुरू केली, तेव्हा मुंबईकर इंग्रज आणि जंजिऱ्याचे सिद्दी दोघेही अस्वस्थ झाले, कारण मुंबई बंदराच्या तोंडावर मराठ्यांची कायमची नजर बसणार होती. इंग्रजांनी गलबते पाठवून बेटाची नाकेबंदी केली. मायनाक भंडारी बेटावर पाय रोवून बांधकाम करून घेत होता आणि दौलतखानाचे आरमार त्याच्या पाठीशी होते. इंग्रजांच्या जड जहाजांना वारा लागे. मराठ्यांच्या लहान होड्या वल्ह्यांच्या जोरावर, रात्रीच्या अंधारात, उथळ पाण्यातून शिधा आणि दारूगोळा पोहोचवून परत येत. नाकेबंदी अखेर निष्फळ ठरली आणि खांदेरी मराठ्यांकडे राहिली. नजरेआड राहून बलाढ्य शत्रूच्या दारात वावरायचे, हे पाणबुडीचे मुख्य काम. त्या दृष्टीने एखाद्या पाणबुडीला याहून शोभणारे नाव सापडणे कठीण.

स्वतंत्र भारताच्या नौदलाला पाणबुडी मिळायला वीस वर्षे लागली. या विलंबाचे एक कारण ब्रिटिशांच्या विचारात होते. राष्ट्रकुलातील नौदलांनी व्यापारी जहाजांच्या ताफ्यांचे रक्षण करावे आणि शत्रूच्या पाणबुड्या शोधाव्यात, एवढीच त्यांची अपेक्षा असे. पाणबुडीविरोधी सराव करायचा झाला की ब्रिटिश नौदल एखादी पाणबुडी थोड्या काळासाठी पाठवी. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला काही भारतीय अधिकारी आणि नौसैनिक प्रशिक्षणासाठी ब्रिटनला गेले, पण त्यांना परत आल्यावर चालवायला देशात एकही पाणबुडी नव्हती.

१९६२ च्या चीन युद्धानंतर संरक्षणखात्याची सूत्रे यशवंतराव चव्हाणांकडे आली. त्या वेळी भास्कर सदाशिव सोमण नौदलप्रमुख होते. दोघेही मराठी, आणि पाणबुडी दलाच्या उभारणीचा निर्णय या दोघांच्या काळातला. १९६४ च्या मे महिन्यात चव्हाण अमेरिकेत शस्त्रसाहाय्याची बोलणी करत असतानाच पंडित नेहरूंचे निधन झाले आणि तो दौरा आवरावा लागला. १ जून १९६४ रोजी अमेरिकेने ‘डायाब्लो’ ही आपली पाणबुडी पाकिस्तानला भाडेपट्ट्याने दिली. तिचे नाव ‘गाझी’ ठेवण्यात आले. दक्षिण आशियातील कोणत्याही नौदलाकडची ही पहिली पाणबुडी. त्याच वर्षी चव्हाण सोव्हिएत संघात आणि नंतर ब्रिटनमध्ये गेले. ब्रिटनची नवी पाणबुडी भारताला हवी होती, पण तिच्यासाठी लागणारे कर्ज द्यायला ब्रिटन तयार झाले नाही. सोव्हिएत अटी सोप्या होत्या. १९६५ मध्ये चार पाणबुड्या आणि त्यांच्यासोबतची इतर जहाजे घेण्याचा करार झाला.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरातील युद्धाने या निर्णयाची निकड सिद्ध केली. ७ सप्टेंबरच्या रात्री पाकिस्तानी युद्धनौकांनी द्वारकेवर तोफा डागल्या. भारतीय युद्धनौका बाहेर पडल्याच तर त्यांना गाठावे म्हणून गाझी मुंबईच्या समोरच्या समुद्रात थांबली होती. भारतीय नौदलाने पोरबंदरच्या उत्तरेला जाऊ नये अशी मर्यादा सरकारने घातली होती. एक पाणबुडी एका नौदलाला किती जपून वागायला लावू शकते, याचा हा धडा मुंबईत बसलेल्या अधिकाऱ्यांनी फार जवळून घेतला.

करार झाल्यावर माणसे घडवण्याचे काम सुरू झाले. ब्रिटनमध्ये शिकून आलेल्यांना आता सगळे नव्याने, तेही रशियन भाषेत शिकायचे होते. सोव्हिएत संघाच्या अतिपूर्वेला, व्लादिवोस्तोकच्या कडाक्याच्या थंडीत प्रशिक्षण झाले. यंत्रांवरच्या पाट्या, झडपांची नावे, देखभालीच्या पुस्तिका, सारे रशियन. पाणबुडीत कोणती झडप कुठे आहे हे अंधारातही हाताला कळावे लागते, त्यामुळे भाषेची अडचण किरकोळ नव्हती.

८ डिसेंबर १९६७ रोजी रिगा येथे कलवरीवर तिरंगी ध्वज चढला. कमांडर के. एस. सुब्रमणियन तिचे पहिले कप्तान. हा दिवस नौदलात आजही पाणबुडी दिन म्हणून पाळला जातो. खांदेरी ६ डिसेंबर १९६८ रोजी कमांडर एम. एन. वासुदेव यांच्या हाताखाली, करंज ४ सप्टेंबर १९६९ रोजी कमांडर मोहन नारायण राव सामंत यांच्या हाताखाली आणि कुर्सुरा १८ डिसेंबर १९६९ रोजी कमांडर अरुण ऑडिटो यांच्या हाताखाली दाखल झाली. सुएझ कालवा १९६७ च्या अरब-इस्रायल युद्धापासून बंद होता. म्हणून मायदेशी येताना पाणबुड्यांना युरोपचा पश्चिम किनारा उतरून आफ्रिकेला पूर्ण वळसा घालावा लागला. नुकत्याच ताब्यात आलेल्या बोटीवर, नवख्या खलाशांनिशी दोन महासागर ओलांडायचे, म्हणजे प्रशिक्षणाची खरी परीक्षा तिथेच झाली. पाणबुड्यांना समुद्रात इंधन, टॉर्पेडो आणि दुरुस्ती पुरवणारे ‘अंबा’ हे मोठे जहाजही १९६८ मध्ये आले. विशाखापट्टणम हे पाणबुड्यांचे घर ठरले. तिथला ‘वीरबाहू’ हा तळ मे १९७१ मध्ये, युद्धाच्या सहा-सात महिने आधी सुरू झाला.

या पाणबुड्या सोव्हिएत नौदलाच्या प्रकल्प ६४१ च्या होत्या. पाश्चिमात्य नौदले त्यांना फॉक्सट्रॉट म्हणत. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून अशा सुमारे ७५ बांधल्या गेल्या. भारत, लिबिया आणि क्यूबा हे त्यांचे परदेशी गिऱ्हाईक. लांबी ९१ मीटरच्या थोडी वर, रुंदी साडेसात मीटर, वजन पृष्ठभागावर सुमारे १९५० टन आणि पाण्याखाली सुमारे २४७५ टन. तीन डिझेल इंजिने, तीन मुख्य विद्युत मोटारी, तीन पंखे. वेग पृष्ठभागावर ताशी १६ आणि पाण्याखाली ताशी १५ सागरी मैलांपर्यंत. टॉर्पेडो सोडण्याच्या दहा नळ्या होत्या, सहा पुढे आणि चार मागे. एकूण २२ टॉर्पेडो घेता येत. सुमारे ७५ माणसे सात दालनांत राहत. दालनांमधली ये-जा वाकून ओलांडायच्या गोल दारांतून होई.

अशा बोटीचे सारे आयुष्य बॅटरीभोवती फिरते. डिझेल इंजिनाला हवा लागते, म्हणून पाण्याखाली ते चालत नाही. पृष्ठभागावर, किंवा हवा ओढणारी स्नॉर्केल नळी तेवढी पाण्याबाहेर काढून, इंजिने चालवायची आणि त्या विजेने बॅटरी भरून घ्यायची. मग इंजिने बंद करून मोटारींवर खोल जायचे. फॉक्सट्रॉटच्या पोटात ११२ घटांचा एक असे बॅटरीचे चार गट, म्हणजे एकूण ४४८ घट असत. ताशी दोन सागरी मैल इतक्या मंद गतीने राहिले तर ही वीज काही दिवस पुरे. पूर्ण वेगाने पळाले तर तीच थोड्या वेळात संपे. म्हणून पाणबुडीचा कप्तान सतत दोन हिशेब मांडत असे. शत्रू कुठे आहे हा एक, आणि बॅटरीत किती उरले आहे हा दुसरा. दुसरा चुकला तर पहिल्याला अर्थ राहत नाही. भरताना बॅटरीतून हायड्रोजन सुटतो आणि तो साचला तर ठिणगीने स्फोट होतो, त्यामुळे वायुवीजनावरही डोळा ठेवावा लागे. आणि स्नॉर्केल वर काढली की इंजिनांचा आवाज दूरवर जातो, नळीही रडारवर दिसू शकते. बॅटरी भरण्याचे तास हेच सर्वांत धोक्याचे तास.

दुसरी अडचण उष्णतेची. फॉक्सट्रॉट उत्तरेच्या थंड समुद्रासाठी आखलेली होती. १९६२ च्या क्यूबा पेचप्रसंगात सोव्हिएत नौदलाने अशा चार पाणबुड्या कॅरिबियनकडे धाडल्या होत्या. तिथल्या कोमट पाण्यात बोटींच्या आतले तापमान ४५ अंशांच्याही वर गेले, गोड्या पाण्याची टंचाई पडली आणि माणसे उभ्या उभ्या कोसळू लागली. त्यांपैकी ब-५९ या बोटीवर अण्वस्त्र बसवलेला टॉर्पेडो सोडण्याची वेळ येऊन टळली, तीही याच घुसमटीत. भारतासाठी बांधलेल्या बोटींत वातानुकूलनाची आणि पाण्याची सोय वाढवण्यात आली होती. तरीही अरबी समुद्रात आणि बंगालच्या उपसागरात उष्मा हा खलाशांचा कायमचा सोबती राहिला. एकाची पाळी संपली की त्याच बिछान्यावर दुसरा टेकायचा. पुढच्या दालनात बिछाने टॉर्पेडोंच्या शेजारीच. आंघोळ ही चैन. धुवायला पाणी नाही, उजेडाला खिडकी नाही, रात्र-दिवस घड्याळावरच. या माणसांचे कष्ट युद्धाच्या गाथांत फारसे येत नाहीत, पण गस्तीचा खरा भार त्यांनीच वाहिला.

१९७१ च्या नोव्हेंबरात युद्ध जवळ आले तेव्हा कुर्सुरा आणि करंज या दोघींकडे पश्चिमेची जबाबदारी आली, तर खांदेरी बंगालच्या उपसागरात होती. कुर्सुरा १३ नोव्हेंबरला निघाली आणि १८ तारखेला अरबी समुद्रातील आपल्या गस्तीच्या पट्ट्यात पोहोचली. तिचे कप्तान अजूनही ऑडिटोच होते. शत्रूच्या युद्धनौका बुडवाव्यात, व्यापारी जहाजांवर मात्र स्पष्ट आदेशाशिवाय हल्ला करू नये, आणि लक्ष्याची ओळख पक्की पटल्याशिवाय टॉर्पेडो सोडूच नये, अशा तिला आज्ञा होत्या. ठरलेल्या सागरी मार्गांपलीकडे जाण्यासही मनाई होती. ३० नोव्हेंबरला तिने समुद्रातच करंजची भेट घेऊन तिथली माहिती आणि सूचना सोपवल्या, आणि ४ डिसेंबरला ती मुंबईत परतली. आदल्याच संध्याकाळी युद्ध पेटले होते. करंज कमांडर विजयसिंह शेखावत यांच्या हाताखाली गस्तीवर राहिली. या कामगिरीसाठी शेखावतांना वीरचक्र मिळाले. पुढे १९९३ ते १९९६ या काळात ते नौदलप्रमुख होते.

ओळख पटवण्याची अट कागदावर साधी वाटते. प्रत्यक्षात तीच पाणबुडीचे हात बांधते. पाण्याखालून ऐकू येतो तो फक्त पंख्यांचा आवाज. तो युद्धनौकेचा की तेलवाहू जहाजाचा हे सरावलेला कान सांगू शकतो, पण जहाज कोणत्या देशाचे हे सांगू शकत नाही. त्यासाठी पेरिस्कोपने पाहावे लागते, आणि युद्धकाळातल्या काळोख्या रात्री दिवे मालवून जाणारी आकृती पेरिस्कोपातही ओळखू येत नाही. इराणच्या आखातात ये-जा करणाऱ्या तेलवाहू जहाजांनी अरबी समुद्र सतत गजबजलेला असतो. एखाद्या तटस्थ देशाचे जहाज चुकून बुडाले असते, तर बांगलादेशाच्या प्रश्नावर भारताने मिळवलेली जगाची सहानुभूती एका रात्रीत गेली असती. संपर्काची साधनेही तोकडी होती. खोल पाण्यातल्या पाणबुडीला संदेश पोहोचवणारे अतिनिम्न वारंवारतेचे केंद्र तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ उभे राहिले ते १९९० मध्ये. १९७१ मध्ये संदेश ऐकायचा तर ठरलेल्या वेळी वर यावे लागे. बदललेला आदेश बोटीपर्यंत काही तासांनीच पोहोचे.

कलवरी वर्गाने या युद्धात एकही जहाज बुडवले नाही. या वस्तुस्थितीवरून काही जण पाणबुड्यांचा उपयोगच झाला नाही असे म्हणतात. ते मत उथळ आहे. समोरच्या बाजूला पाहिले तर ते ध्यानात येते. पाकिस्तानकडे गाझीखेरीज फ्रेंच बनावटीच्या तीन डाफ्ने पाणबुड्या होत्या. त्या पाण्याखाली जेमतेम हजार टनांच्या, म्हणजे फॉक्सट्रॉटच्या निम्म्याहूनही लहान, आणि आवाजाला कमी. मुंबईपासून सौराष्ट्रापर्यंतचा सागरतळ किनाऱ्यापासून फार दूरपर्यंत उथळ आहे, आणि अशा पाण्यात लहान बोटीला फायदा मिळतो. त्यांपैकी ‘हंगोर’ने ९ डिसेंबरच्या रात्री दीवच्या समुद्रात ‘खुकरी’ ही फ्रिगेट बुडवली. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर गेले. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक मृत्युमुखी पडले. स्वातंत्र्योत्तर काळात भारतीय नौदलाने युद्धात गमावलेली ही एकमेव मोठी नौका. मोठ्या, महासागरी फॉक्सट्रॉटला तसल्या उथळ पाण्यात तेवढे मोकळेपण नव्हते, आणि लक्ष्याची ओळख पटवण्याची जी अट करंजला होती ती हंगोरला नव्हती. दुसरीकडे गाझी ३ आणि ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री विशाखापट्टणमच्या तोंडाशी आपल्या ९० हून अधिक खलाशांसह बुडाली. एकाच आठवड्यात पाणबुडीची ताकद आणि तिचा ठिसूळपणा, दोन्ही भारतीय किनाऱ्यावर दिसले.

करंजचे पहिले कप्तान सामंत या युद्धात वेगळ्याच आघाडीवर होते. त्या आघाडीची हकिगतही एका पाणबुडीपासूनच सुरू होते. पाकिस्तानची ‘मंगरो’ ही डाफ्ने पाणबुडी मार्च १९७१ मध्ये फ्रान्सच्या तुलाँ बंदरात होती. पूर्व पाकिस्तानातील लष्करी कारवाईची बातमी पोहोचताच तिच्यावरचे आठ बंगाली खलाशी निसटले आणि भारतात येऊन पोहोचले. पलाशीजवळ भागीरथीच्या काठी, बांगलादेशाच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या मुक्तिवाहिनीच्या नौ-कमांडोंची जी छावणी उभी राहिली, तिचा गाभा या आठ जणांचा. पोहत जाऊन जहाजांच्या तळाला स्फोटके चिकटवायला तरुणांना तिथे शिकवले गेले. सामंत या मोहिमेच्या संचालनात होते. डिसेंबरात पद्मा, पलाश आणि पनवेल या तीन लहान गनबोटी घेऊन ते नद्यांच्या मुखांतून मोंगला आणि खुलनापर्यंत शिरले. १० डिसेंबरला खुलन्याजवळ आपल्याच विमानांनी शत्रू समजून या बोटींवर हल्ला केला. पद्मा आणि पलाश बुडाल्या. सामंत पनवेलवरून लढत राहिले आणि पाण्यात पडलेल्यांना वाचवत राहिले. त्यांना महावीरचक्र देण्यात आले. बांगलादेशाच्या नौदलाची पहिली घडी बसवण्यातही त्यांचा वाटा होता. पाणबुडीवर ओळख पटण्याचा आग्रह धरणारे नियम किती आवश्यक असतात, हे खुलन्याच्या त्या दुपारी फार मोठी किंमत देऊन कळले.

युद्धानंतर याच जातीच्या, थोड्या सुधारलेल्या आणखी चार बोटी आल्या. वेला आणि वागीर १९७३ मध्ये, वागली आणि वागशीर १९७४ मध्ये. त्यांना वेला वर्ग म्हणतात. मोठ्या दुरुस्तीसाठी पाणबुडी सुरुवातीला सोव्हिएत संघात न्यावी लागे आणि त्यात वर्षे जात. सुटे भाग वेळेवर येत नसत, तेव्हा एका बोटीचे भाग काढून दुसरीला बसवण्याचा मार्ग पत्करावा लागे. त्यातूनच गोदी कामगार आणि अभियंते हे काम देशात करायला शिकले. मुंबईत माझगाव गोदीने १९८० च्या दशकात जर्मन आराखड्याच्या पाणबुड्या बांधायला घेतल्या. ‘शल्की’ १९९२ मध्ये आणि ‘शंकुल’ १९९४ मध्ये दाखल झाली. पाणबुडीचा दाब सोसणारे कवच वेल्ड करणे हे फार नाजूक काम आहे, आणि भारतात ते पहिल्यांदा झाले ते माझगावात.

कलवरी वर्गातली पहिली निवृत्ती खांदेरीची, ऑक्टोबर १९८९ मध्ये. कलवरी १९९६ मध्ये सेवेतून गेली. कुर्सुरा २७ फेब्रुवारी २००१ रोजी निवृत्त झाली. शेवटची करंज १ ऑगस्ट २००३ रोजी मुंबईत, ३४ वर्षांच्या सेवेनंतर. शीतयुद्धाच्या आरंभीच्या आराखड्याची बोट एकविसाव्या शतकापर्यंत चालवणे ही देखभाल करणाऱ्यांची मोठी कामगिरी म्हटली पाहिजे.

नौदलाच्या प्रथेप्रमाणे निवृत्त जहाजाचे नाव पुढच्याला दिले जाते. माझगाव गोदीत फ्रेंच स्कॉर्पीन आराखड्यावर बांधलेल्या सहा पाणबुड्यांना फॉक्सट्रॉटांचीच नावे मिळाली. नवी कलवरी डिसेंबर २०१७ मध्ये, खांदेरी सप्टेंबर २०१९ मध्ये आणि करंज १० मार्च २०२१ रोजी दाखल झाली. करंजच्या समारंभाला प्रमुख पाहुणे म्हणून जुन्या करंजचे युद्धकालीन कप्तान, अ‍ॅडमिरल शेखावत उपस्थित होते. त्यानंतर वेला, वागीर आणि जानेवारी २०२५ मध्ये वागशीर आली. कुर्सुराचे नाव या सहांत नाही. ती बोट विशाखापट्टणमच्या रामकृष्ण किनाऱ्यावर वाळूत ओढून आणण्यात आली आणि २००२ मध्ये तिचे संग्रहालय झाले. पुढच्या टॉर्पेडो दालनापासून मागच्या दालनापर्यंत तिच्या पोटातून चालत जाता येते. टॉर्पेडोच्या नळ्या, नियंत्रण कक्ष, डिझेल इंजिने, मोटारी आणि खलाशांचे अरुंद बिछाने तिथे जागच्या जागी आहेत.